सेंटर हाफच्या जागेवर मी

लक्ष्मणच्या अंगावर तीन गोधड्या होत्या, तरी त्याचे दात वाजत होते. सकाळची वेळ. संध्याकाळी फायनल. हिवतापानं नेमका मुहूर्त साधला होता. त्याची आई उशाशी बसली होती आणि मी त्याला ओढून मैदानावर न्यायला आलोय की काय, अशा नजरेनं माझ्याकडं बघत होती. खरं म्हणजे मी त्यासाठीच आलो होतो. पण त्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "उस्ताद, मी येतो ना," असं म्हणत तो उठून बसला आणि भिंतीवर कलंडला. मी त्याला परत आडवा केला आणि गुपचूप बाहेर पडलो.

लक्ष्मण आमचा सेंटर हाफ. निजामाच्या राज्यातल्या त्या दिवसांत टीम उभी राहायची ती अशी: मागं गोलकीपर, त्याच्या पुढं दोन बॅक, मग तीन हाफ आणि सगळ्यात पुढं पाच फॉरवर्ड. तीन हाफांतला मधला तो सेंटर हाफ. हल्ली त्याला मिडफिल्डर म्हणतात. त्याची कामं दोनच. समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायचा, याला टॅकल म्हणतात. आणि काढलेला चेंडू आपल्या फॉरवर्डच्या पायात नेमका नेऊन द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण सगळा खेळ त्याच्यावरून जातो. तो ढिला पडला की मागचे दोघं उघडे पडतात आणि पुढचे पाच नुसते उभे राहतात.

ही जागा मला पाठ होती, कारण माझं अर्धं आयुष्य त्याच जागेवर गेलं. हैदराबादेत एका सरकारी खात्याच्या टीममध्ये मी सेंटर हाफ होतो. कागदावर हुद्दा शिपायाचा, पण काम फुटबॉलचं आणि पगारही त्याचाच. पुढं एका मॅचमध्ये उजवा गुडघा फिरला. चालायला काही त्रास नव्हता, पण झटकन वळलं की गुडघा अडकायचा. खात्यानं काही दिवस वाट पाहिली आणि मग निरोप दिला. मी जालन्याला घरी आलो. गावात मला ओळखणारे पुष्कळ होते. 'हैदराबादला खेळायचा तो' म्हणून लोक टांगा थांबवून बोलायचे. मला ते आवडायचं.

मला कामावर ठेवलं ते एका शेठजींनी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यात गेलेल्या. त्यांचा जिनिंग-प्रेसचा कारखाना होता. म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या दाबून गाठी बांधायच्या. शेठजींनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण जुन्या छावणीच्या मैदानावर दर वर्षी फुटबॉलचा कप व्हायचा, आणि तो कप आपल्या पेढीवर गादीच्या मागच्या फळीवर असावा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कारखान्यातली माणसं निवडून मी टीम बांधली. कोच हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी वापरत नसे. शेठजी मला मास्टर म्हणायचे. टीम उस्ताद म्हणायची.

कापसाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि होळीपर्यंत आटोपतो. मग भोंगा बंद. मजुरांनी गाठोडं बांधायचं आणि टेंभुर्णी, वाटूर, शहागड, जिथून आले तिकडं परत जायचं. गावात ज्याची जमीन नाही, त्यानं पुढच्या दसऱ्यापर्यंत काय करायचं, हे त्याचं त्याला ठाऊक. टीममधल्या माणसांना मात्र शेठजी बारा महिने कामावर ठेवायचे. कुणाला गोडाऊनची राखण, कुणाला मशीनची साफसफाई. आमची माणसं पायाला फडकं गुंडाळून जीव तोडून खेळायची ती कपासाठी नाही, या बारा महिन्यांच्या कामासाठी. त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. खर्च कापा म्हणून मुनीम रोज शेठजींच्या कानाशी लागत होते. फायनलच्या आठवड्यात शेठजींनी मला बोलावून सरळ सांगितलं, "मास्टर, कप आणा, सगळे राहतील. न्हाई आणला तर होळीपास्न टीम बंद. मंग मला काही म्हणायचं न्हाई." ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली होती. त्या आठवड्यात एकही जण प्रॅक्टिसला उशिरा आला नाही.

आणि फायनलच्या सकाळी लक्ष्मण तापानं फणफणलेला.

त्याच्या जागी उतरतील अशी दोनच माणसं होती. एक दगडू. वाटूरचा, बावीस-तेवीस वर्षांचा, प्रेसवर गाठी ओढायचं काम करायचा. टीमचा राखीव गडी, म्हणजे कुणी आजारी पडला तर उतरायचा. आणि दुसरा मी.

माझं वय तेव्हा चाळीशीला टेकलेलं. कुणीही म्हणेल, यात विचार करण्यासारखं काय आहे? पण माझ्याकडं पुरावा होता. तो कसला, ते सांगतो.

रोज भोंगा झाला की आमची प्रॅक्टिस असायची. मी टीमचे दोन भाग करायचो आणि स्वतः एकदा इकडून, एकदा तिकडून खेळायचो. सुरुवातीला एक मोठी पंचाईत होती. आपल्याकडं कुणाला चुकून पाय लागला की आपण त्या माणसाला हात लावून तो हात छातीला नाहीतर कपाळाला लावतो. घरात करतो, बाजारात करतो. ही माणसं ते मैदानावरही करायची. टॅकल केला, पाय पायाला लागला, की चेंडू सोडून नमस्कार. तोवर तिसराच चेंडू घेऊन पळालेला. मी ओरडून ओरडून, शिव्या देऊन ही सवय मोडली. फुटबॉलमध्ये पाय लागतोच, पाय लावण्यासाठीच आपण इथं आलोय, हे त्यांच्या डोक्यात बसवायला मला पूर्ण एक हंगाम लागला. पुढं ती एकमेकांच्या नडग्या फोडायला लागली तेव्हा मला फार बरं वाटलं. आपण शिकवलं ते उतरलं, असं वाटलं.

त्याच प्रॅक्टिसमध्ये मी चेंडू घेऊन निघालो की कुणाला आवरत नसे. माझा एक जुना डाव होता. खांदा डावीकडं टाकायचा, समोरचा तिकडं झुकला की उजवीकडून निघून जायचं. हैदराबादला त्यावर टाळ्या पडायच्या. इथंही तो रोज चालायचा. लक्ष्मण फसायचा, दगडू तर हमखास फसायचा. मी घरी येऊन बायकोला सांगायचो की खात्यानं घाई केली, अजून माझ्यात खेळ शिल्लक आहे. ती हो म्हणायची आणि गुडघ्याला तेल चोळून द्यायची.

तर फायनलच्या सकाळी मी आणि सिकंदर शेठजींच्या पेढीवर गेलो. सिकंदर आमचा कॅप्टन. खेळायला राइट हाफ, म्हणजे सेंटर हाफच्या उजव्या हाताचा माणूस, कामाला इंजिनवर. लक्ष्मणचं सांगून झालं. सिकंदर म्हणाला, दगडूला उतरवू या, त्याचा दम मोठा आहे. शेठजींनी माझ्याकडं बघितलं.

"दगडू चांगला की तुम्ही?"

मी उत्तर द्यायच्या आधी सिकंदरलाच विचारलं, "दगडूनं माझ्याकडून कधी चेंडू काढलाय का?"

सिकंदर टोपी हातात घेऊन उभा होता. तो टोपीकडं बघत म्हणाला, "न्हाई काढला, उस्ताद."

"एकदा तरी?"

"न्हाई."

शेठजी हसले. "मंग विचारून काय राह्यले? मास्टर, तुम्हीच खेळा. लोकं बी खूश होतील."

सिकंदरला अजून काहीतरी बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. मी त्याला संधी दिली नाही. मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

दगडूला मीच सांगितलं. त्यानं मान हलवली. मग माझ्या गुडघ्याला पट्टी नीट बसत नाही म्हणून खाली बसला आणि सोडून पुन्हा घट्ट बांधून दिली.

संध्याकाळी मैदानावर माणूस मावत नव्हता. शामियान्यात तालुकदार साहेब, म्हणजे निजामाचे कलेक्टर, आले होते. बाजूला खुर्चीवर शेठजी, नवा कोट घालून. बैलगाड्या आडव्या लावून पोरं त्यावर चढली होती. समोर रेल्वेची टीम. त्यांच्यातल्या काहींच्या पायात बूट होते. आमच्यातला मी एकटाच बूटवाला, हैदराबादचे जुने बूट चरबी लावून मऊ केलेले. माझं नाव पुकारलं तेव्हा अशा टाळ्या पडल्या की अंगावर काटा आला. मी दोन्ही हात वर करून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी लक्ष्मणला ताप आला हे मला वाईट वाटत नव्हतं.

शिट्टी झाली. थोड्याच वेळात पहिला चेंडू माझ्याकडं आला. मी तो व्यवस्थित थांबवला. समोर रेल्वेचा एक काटकुळा फॉरवर्ड, मिसरूड फुटलेला. मी खांदा डावीकडं टाकला. तो जागचा हलला नाही. मी उजवीकडं निघालो, तर त्यानं नुसता पाय पुढं केला आणि चेंडू घेऊन माझ्या बाजूनं निघून गेला. मी वळेपर्यंत तो आमच्या बॅकपाशी पोचला होता. गोलकीपरनं वाचवलं. मी मनाशी म्हटलं, पाय घसरला असेल.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा मी डाव उलटा टाकला, आधी उजवीकडं, मग डावीकडं. त्यानं तेव्हाही चेंडू काढला. त्याला घाई सुद्धा नव्हती. चौथ्या वेळी मी वळायला गेलो आणि गुडघा अडकला. मी एका पायावर उभा आणि तो चेंडू घेऊन गेला. गोल.

लोक आधी गप्प झाले. माझ्याबद्दल मान होता ना. मग गाडीवरून कुणीतरी हसलं. एकदा एक हसला की बाकीच्यांना मोकळीक मिळते. "उस्ताद, बसा जरा, दमलात!" असं ओरडल्याचं ऐकू आलं. मी तिकडं बघितलं नाही. घाम पुसायच्या निमित्तानं बाहीत तोंड खुपसलं.

यापुढचं सांगताना आजही मान वर होत नाही. आमच्या टीमनं चेंडू माझ्याकडं देणं थांबवायला हवं होतं. कुठलीही शहाणी टीम थांबवते. पण प्रत्येक चेंडू आधी सेंटर हाफकडं, हा मीच घालून दिलेला नियम. त्यात जागेवर खुद्द उस्ताद. त्यांना वगळायचं कसं? त्यामुळं पोरं जीव धोक्यात घालून चेंडू मिळवायची आणि मान राखून माझ्या पायात आणून द्यायची. आणि मी तो घालवायचो. पुन्हा मिळवायची, पुन्हा द्यायची. हाफ टाइमच्या थोडं आधी दुसरा गोल झाला, तोही माझ्याच पायातून निसटलेल्या चेंडूवर.

हाफ टाइमला लिंबाचं पाणी आलं. मी कुणाला घेऊ दिलं नाही. आधी सगळ्यांवर ओरडलो. बॅक मागं पळतात, फॉरवर्ड झोपलेत, सिकंदर माझ्या बाजूला येत नाही. सगळे खाली बघत ऐकत होते. मग सिकंदरनं माझा दंड धरला आणि मला शामियान्याच्या मागं नेलं. इतक्या वर्षांत त्यानं मला हात लावला नव्हता.

"उस्ताद, तो काटकुळा पोरगा काही लई तेज न्हाई," तो म्हणाला. "आपल्या दगडूपेक्षा कमीच हाय."

"मग दगडूला माझ्याकडून चेंडू का काढता येत नव्हता?"

"येत होता. तो काढत नव्हता." सिकंदर म्हणाला, "आम्ही कोणीच काढत नव्हतो."

मला कळेना. मी विचारलं, का?

"उस्तादाला पाय कसा लावायचा? आम्ही आपसात मारतो, तुम्हीच शिकवलं. पण तुम्हाला पाय लागला तर घरी जाऊन तोंड काय दाखवायचं? तुम्ही आले की आम्ही बाजूला होत होतो, बस. पहिल्या दिवसापास्न."

"मग सकाळी शेठजींसमोर बोलला का नाहीस?"

"शेठजींसमोर उस्तादाची इज्जत काढू?" सिकंदर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या नाही आलं.

इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी ज्याला खेळ समजत होतो तो त्यांचा नमस्कार होता. मी खांदा टाकायचो, ते बाजूला व्हायचे. मी घरी जाऊन छाती फुगवायचो. त्यांना हे ठाऊक होतं, बारा जणांना ठाऊक होतं, आणि एकानंही पाठीमागं माझी थट्टा केली नसणार याची मला खात्री होती. थट्टा केली असती तर बरं झालं असतं. एखादा शब्द तरी कानावर आला असता. बूट काढावेत, शामियान्याच्या मागूनच शेतातून घरी निघून जावं, असं वाटलं.

पण तेही करता येत नव्हतं. तेव्हा मॅच सुरू झाल्यावर खेळाडू बदलता येत नसे. जे अकरा उतरले तेच शेवटपर्यंत. कुणी जायबंदी झाला तर दहा जणांनी खेळायचं, नाहीतर त्याला कडेला उभं करायचं. कडेला म्हणजे पुढच्या फळीत अगदी टोकाला, जिथं तो निदान कुणाच्या आड येणार नाही. मी परत आलो आणि सगळ्यांना सांगितलं की सिकंदर सेंटर हाफ खेळेल, एक फॉरवर्ड त्याच्या जागी मागं येईल, मी डाव्या टोकाला उभा राहीन. आणि मला कुणीही पास द्यायचा नाही. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला. पोरांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दुसऱ्या हाफमध्ये आमची टीम खेळली. तीच माणसं, तेच मैदान, पण जणू कुणीतरी मधला दगड उचलला होता. सिकंदर त्या काटकुळ्या पोराला सोडायचा नाही. चेंडू काढायचा आणि पुढं लांब द्यायचा. मी चुन्याच्या रेषेवर उभा होतो. रेषेच्या पलीकडं, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, दगडू मांडी घालून बसला होता. चेंडू कुठंही गेला की त्याचे पाय बसल्या जागी हलायचे. सिकंदर चेंडूवर गेला की याचा गुडघा पुढं यायचा. त्याला स्वतःला ते कळत नसावं. मी रेषेच्या आत उभा, तो बाहेर बसलेला.

आम्ही एक गोल फेडला. गाड्यांवरची पोरं नाचायला लागली. शेठजी खुर्चीतून उठून उभे राहिले. दहा माणसं अकरांशी खेळत होती आणि बरोबरीला येतील असं वाटत होतं. एकदा चेंडू बारला लागून परत आला. मी दोन्ही हात जोडून उभा होतो, खेळाडूसारखा नाही, बघ्यासारखा. मग शिट्टी झाली. दोनास एक. आम्ही हरलो.

शेठजी रागावतील असं वाटलं होतं. पण ते रागावले नाहीत. कप मिळाला तर कॅप्टनला घालायचा म्हणून त्यांनी हार आणवला होता, तो त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, या वयात मास्टर स्वतः उतरले, कारखान्याची शान राखली, यांचा काही कसूर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी मघाशी हसून घेतलं होतं त्यांनीही वाजवल्या. तो हार मी मैदानावरून घरापर्यंत गळ्यात घेऊन गेलो, कारण काढून ठेवायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन मी शेठजींना सगळं सांगितलं. दगडू माझ्यापेक्षा चांगला आहे, सिकंदर बरोबर होता, हरलो ते माझ्यामुळं, त्याची शिक्षा टीमला देऊ नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काल सकाळी तर तुम्हीच सिकंदरकडून वदवलं की दगडूनं कधी चेंडू काढला न्हाई," ते म्हणाले. "मी तुमच्याच भरोशावर बोललो. आता टीम बंद असं मी सगळ्यांना सांगून बसलो. जबान एकच असती, मास्टर."

त्यांचंही चूक नव्हतं. भाव पडलेला होताच. टीम बंद झाली.

त्यातून एक माणूस सुटला. रेल्वेच्या टीमबरोबर सिकंदराबादहून त्यांचे एक साहेब आले होते. त्यांना सेंटर हाफ हवा होता, म्हणूनच ते जालन्यापर्यंत आले होते. दुसऱ्या हाफमधला सिकंदरचा खेळ त्यांनी पाहिला आणि त्याला होळीनंतर नोकरीवर यायला सांगितलं. सिकंदरनं त्यांना दगडूबद्दल सांगितलं, की हा माझ्याहून सरस आहे. साहेब म्हणाले, असेल, पण मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. आता खेळणाऱ्याला खेळताना पाहिलेलं नसेल तर कोण नोकरी देणार? आणि त्याला कुणी पाहिलं नाही याचं कारण त्याच्या जागेवर मी होतो.

शेठजींनी मला मात्र काढलं नाही. गोडाऊनवर देखरेख दिली, बारा महिन्यांची. मी ती दगडूला देऊन टाकायला निघालो. शेठजींची ना नव्हती. ना होती ती दगडूची. मी त्याला प्रेसजवळ गाठून सांगितलं तर तो घाबरल्यासारखा मागं सरकला.

"तुमच्या जागेवर मी बसू व्हय, उस्ताद?" तो म्हणाला. "न्हाई जमायचं. लोक काय म्हणतील?"

मी समजावलं, रागावलो, शेवटी विनवणी केली. तो मान हलवत राहिला. मैदानावर त्यानं जे केलं होतं तेच इथं केलं. मी आलो आणि तो बाजूला झाला.

होळी झाल्यावर भोंगा थांबला. गाठोडी बांधून सगळे फाटकाशी आले. लक्ष्मणही होता, तापातून उठलेला, गालफडं बसलेली. मी आतून चेंडू घेऊन आलो. तो पायाखाली धरला आणि दगडूला हाक मारली. म्हटलं, हा माझ्याकडून काढ. तो नको म्हणाला. मी म्हटलं, ही प्रॅक्टिस नाही, हुकूम आहे. काढला नाहीस तर मी इथून हलणार नाही.

त्यानं गाठोडं खाली ठेवलं. मी खांदा डावीकडं टाकला. तो जागचा हलला नाही. मग त्याचा पाय आला, माझ्या नडगीला घासून, आणि चेंडू गेला. काटकुळ्या पोराला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्या वेळात गेला. मी वळायला गेलो आणि गुडघा अडकला. तसाच एका पायावर उभा राहिलो. दगडूनं चेंडू सिकंदरकडं दिला, परत आला आणि माझ्या पायांना हात लावायला वाकला. मला पाय मागं घ्यायचे होते, पण गुडघ्यामुळं हलता आलं नाही. त्यानं दोन्ही पायांना हात लावला, हात छातीला लावला आणि गाठोडं उचललं. त्याच्यामागून एकेक करून सगळे वाकले. मी 'नको, नको' म्हणत होतो. ते कुणी ऐकलं नाही.

पुढच्या दसऱ्याला भोंगा वाजला तेव्हा दगडू आला नाही. मी वाटूरला निरोप धाडला. तो कामासाठी दुसरीकडं गेल्याचं कळलं.

नंतर बरीच वर्षं मी एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवला. रेषेच्या बाहेर उभं राहून शिकवला. त्यांच्यात एकदाही उतरलो नाही. खेळायची फारच हौस आली तर संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर जायचो. तिथं मला कुणी उस्ताद म्हणत नसे. तिथली पोरं येता-जाता माझ्या पायातला चेंडू काढून न्यायची आणि वळूनही बघायची नाहीत. शिकवणाऱ्यानं आपल्यात किती खेळ उरलाय हे आपल्या शागिर्दांवर अजमावू नये. ते चुकीचं सांगतात, आणि चुकीचं सांगितल्याचा भुर्दंड त्यांनाच भरावा लागतो.